मे महिन्यातलं डेंटिंग

आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी १९७८ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि भोपाळला भेलच्या बरखेड्यातल्या क्वार्टरसमोर उभी राहून म्हातारी झालेली. तिच्या उजव्या अंगाचा फिकट हिरवा रंग अजून कारखान्यातलाच आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, तेव्हा हा रंग आता कुठून आणणार?

जुन्या मापाचे अरुंद टायर मिळेनात, म्हणून रुंद रेडियल घातले. मागच्या सीटवर तिघं बसले की प्रत्येक गतिरोधकावर टायर मडगार्डला घासायचा. चाकावरच्या कमानीला पत्र्याचा काठ आत वळवलेला असतो, तो रबर कापत होता. काठ वर दुमडून आतून सपाट बसवायचा, एवढंच काम. पत्रा त्याला तयार असतो. तयार नसतो तो रंग. इतक्या वर्षांत तो ठिसूळ होतो. काठ दुमडताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो आणि रंग तडकतो. पहिल्या पावसात तिथून पाणी शिरतं आणि गंज रंगाखालून सरकत जातो. फुगवटा दिसेपर्यंत पत्रा आतून गेलेला असतो.

गोविंदपुरा, जहांगीराबाद, सगळीकडे विचारलं. काठ ग्राइंडरनं उडवू, पुट्टी भरू, गाडी नवी करून देऊ, हेच उत्तर. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते आजूबाजूच्या रंगात, अगदी काचेतही रुततात आणि काही दिवसांनी तांबूस ठिपके होऊन वर येतात. पण मागाहून सगळं रंगवायचंच असेल तर त्याची फिकीर कोण करणार? माझं मत विचाराल तर पुट्टीनं डेंटरचा हात बिघडवला. वर थर चढणार हे ठाऊक असलं की खालचा पत्रा जेमतेम सरळ केला तरी चालतं.

कबाडखान्याजवळ एक वयस्क उस्ताद भेटले. गाडीभोवती फिरले, काठाखाली बोट घातलं आणि म्हणाले, ‘‘को खाँ, ठंड में हाथ नहीं लगाऊँगा. मई में लाना, भरी दोपहर में.’’

मे महिन्यात भोपाळची हवा त्रेचाळीस अंशांपर्यंत जाते आणि उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. उस्तादांनी उजवी बाजू सूर्याकडे करून गाडी तापू दिली. चाक काढलं. काठातली जुनी माती, डांबर खरवडून साफ केलं, कारण एखादा खडा दुमडीत अडकला तर तो बाहेरून पत्र्याला उचलतो. वरच्या रंगावर मास्किंग टेप लावली आणि हीट गन दुरून, सतत हलती ठेवून फिरवली. एका जागी धरली तर रंगाला फोड येतात. मग कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठ थोडासाच वाकवला. पुन्हा ऊब, पुन्हा थोडासा. बाहेरून चामड्याची उशी टेकवलेली, आतून लाकडी हातोडा. लोखंडी हातोडी त्यांनी पेटीतून काढलीसुद्धा नाही. ठोके इतके हलके की शेजारचा पंक्चरवाला पोरगा हसत होता.

इथे काठ म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे स्पॉट वेल्डनं जोडलेले. दुमडताना त्यांच्यातला जुना सीलर फुटतोच. त्यामुळे रंग शाबूत राहिला तरी काम संपत नाही. उस्तादांनी आतून प्राइमर मारला, नवा सीलर भरला आणि तो सुकल्यावर अंडरकोट दिला.

डाव्या बाजूला मात्र त्यांनी लोहचुंबक लावून पाहिलं आणि तो घसरून खाली पडला. कधीकाळी ठोकर बसली होती, तिथे जाड पुट्टी होती. काठ वाकवला तर ती खपल्यांनी निघणार. ‘‘इसको मैं नहीं छेड़ता,’’ म्हणाले. त्या बाजूचा काठ तसाच ठेवला आणि गाडी मागून उंच राहावी म्हणून स्प्रिंगचे मागचे दबलेले पाटे उतरवून दोन्हीकडे त्यांना पुन्हा बाक देऊन घ्यायला सांगितलं. ते काम दुसऱ्या कारागिराचं.

पाटे बसल्यावर चौघांना घेऊन श्यामला हिल्सचा चढ चढलो, भदभद्यापर्यंत जाऊन आलो. टायर कुठेच लागला नाही. उजव्या कमानीवर, बंपरजवळ, भिंगातून दिसेल एवढी एक रेघ उमटली आहे. तिच्यावर दर पावसाळ्याआधी मेण चोळतो.