आंजी (मोठी) येथील एक सामना

फुटबॉल म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें हिरवळ, दिव्यांचा झगझगाट आणि परदेशांतील नामांकित खेळाडू उभे राहतात. कारण मोबाईलच्या पडद्यावर आम्ही तेंच पाहत आलों. वस्तुतः ज्या इंग्लंडांत 1888 सालीं फुटबॉलची साखळी स्पर्धा सुरू झाली, तेथेंहि वरच्या चार विभागांतील 92 संघ सोडले, तर बाकीचे सारे संघ साखळीबाहेरचेच समजले जातात. त्यांतील पुष्कळ खेळाडू आठवडाभर पोटापाण्याचा उद्योग करून सुटीच्या दिवशीं खेळतात. असाच एक सामना पाहण्याचा योग गेल्या डिसेंबरांत आम्हांस आला. मात्र तो वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आंजी (मोठी) या गांवीं.

आमच्या वर्गांतील एक सोबती आंजीहून रोज एस. टी. नें शाळेंत येतो. स्वभावानें तो अबोल. त्यांतून वर्गांत त्यास वारंवार डुलकी लागे, म्हणून आम्हीं त्याचें नांव 'कुंभकर्ण' ठेविलें होतें. तो गांवच्या संघाचा गोलरक्षक आहे असें कळल्यावर आम्हांस हंसूं आवरेना. 'रविवारीं शेजारच्या गांवाशीं सामना आहे, या,' असें त्यानें सांगितलें, तेव्हां आम्ही चौघे निघालों. आणि खरें सांगावयाचें तर थोडी गंमत पाहावयासच निघालों.

सोयाबीन निघून गेलेलें एक शेत हेंच मैदान. गोलाचे खांब बांबूचे, सीमारेषा चुलींतील राखेच्या. सोयाबीनचीं धसकटें अनवाणी पायांत काट्यांसारखीं शिरतात. म्हणून मुलांनीं आदल्या दिवशीं बसून तीं एकेक करून उपटून काढिलीं होतीं. तिकीट नव्हतें आणि पंचाजवळ शिट्टीहि नव्हती. तो जोरानें टाळी वाजवी. कापूस वेंचून परतणाऱ्या बाया धुऱ्यावर ओझीं टेकवून पाहत उभ्या राहिल्या.

खेळ सुरू झाला आणि आमचें हंसूं मावळलें. वर्गांत पेंगणाऱ्या त्या मुलानें लागोपाठ तीन फटके अडविले. त्यांपैकीं एक तर भेगाळलेल्या काळ्या भुईवर अंग टाकून. मध्यंतरानंतर दोन्हीं बाजूंचा एकेक गोल झाला. तोंच दूरच्या विहिरीकडून हांक आली, 'लाईन आली रे!'

सकाळपासून वीज नव्हती आणि गव्हाचें पाणी राहिलें होतें. आमच्या सोबत्यानें एकदां आपल्या वावराकडे पाहिलें, पंचास हात केला आणि तो धांवत सुटला. आतां पाहुणे मोकळ्या गोलांत चेंडू मारतील असें आम्हांस वाटलें. परंतु त्यांच्या नायकानें चेंडू पायाखालीं धरून ठेविला आणि म्हटलें, 'कोणीतरी उभा राहा गा. मग खेळूं.'

गांवाकडे बदली खेळाडू नव्हता. तेव्हां आमच्यापैकीं एकजण, जो शाळेच्या संघांत खेळतो, तो पुढें झाला. साऱ्या मैदानावर बूट काय ते त्याच्याच पायांत होते. पांच मिनिटांत चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. आंजीचा संघ 2-1 असा हरला.

दिवेलागणीस आमचा सोबती परतला. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानें माखलेले. आम्ही क्षमा मागण्याच्या तयारीनें उभे होतों. त्यानें निकाल विचारला, किंचित् हंसला आणि म्हणाला, 'सामना काय, पुन्हां होईल. गहू थांबत नाहीं.' त्याच्या घरीं चहा घेतांना त्याच्या आईनें सहज सांगितलें कीं, कांहीं आठवडे शेताची वीज रात्रींच येई. आणि वडिलांच्या गुडघ्यांचें दुखणें वाढल्यापासून रात्रीचें ओलित तोच करी. त्याच्या डुलकीचें कारण तेव्हां आम्हांस समजलें, आणि आम्हांस एकमेकांकडे पाहवेना.

परतीच्या एस. टी. मध्यें आमचा बूटवाला मित्र फार खिन्न होता. त्याचें मन रमवावें म्हणून आम्हीं शाळेंत ऐकलेली एक हकीकत काढिली. 29 जुलै 1911 रोजीं कलकत्त्यास मोहन बागानच्या संघानें ईस्ट यॉर्कशायर या ब्रिटिश पलटणीच्या संघास 2-1 असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकिली. अकरांपैकीं दहा खेळाडू अनवाणी होते. बूट घालून खेळले ते एकटे सुधीर चटर्जी. ते मिशनच्या कॉलेजांत शिकवीत आणि पुढें पाद्री झाले. 'दहा अनवाण्यांनीं त्यांस आपलें मानिलें, तसें आज तुलाहि मानिलें,' असें आम्ही म्हणालों. तो उत्तरला, 'चटर्जींना आपले सोबती ठाऊक होते. आपल्याला आपला सोबती कुठें ठाऊक होता?' यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें.

सोमवारीं तो वर्गांत पुन्हां पेंगला. कोणी हंसलें नाहीं. शेजारच्यानें हळूच त्याची वही ओढून घेतली आणि फळ्यावरचा मजकूर तींत उतरून ठेविला.

खेळावयास लागणारा वेळ आयताच मिळतो अशी आमची समजूत होती. कोणाच्या घरीं तो वेळ आईबाप आपल्या कष्टांनीं मुलांस मिळवून देतात, तर कोणाच्या घरीं मुलगाच तो वेळ आईबापांस देतो, हें आंजीच्या वावरांत आम्हांस दिसलें. तेथें पुन्हां सामना ठरल्याचा निरोप आला आहे. या खेपेस आम्ही धसकटें उपटावयास आदल्या दिवशींच जाणार आहों. आणि ऐन खेळांत लाईन आली, तर गव्हाला पाणी द्यावयास आमच्यापैकीं कोणीतरी जाईल.