एकच हुलकावणी, तेहतीस वर्षे

दीर्घकाळ टिकणे हा गुण नव्हे, असे साहित्याच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. एखादा कवी साठ वर्षे लिहीत राहिला, एवढ्याने तो थोर ठरत नाही. उलट उत्तरायुष्यातील संग्रहांकडे समीक्षक बहुधा संशयानेच पाहतात. हे मत पारखून घ्यायचे तर साहित्याबाहेरचे एक उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. ते म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूज.

१९१५ साली स्टोक-ऑन-ट्रेंटमधील हॅन्ली येथे तो जन्मला. वडील न्हावी आणि मुष्टियोद्धे. शरीराची शिस्त त्यांच्याकडून आली. १९३२ मध्ये, सतराव्या वर्षी, तो स्टोक सिटीकडून पहिला सामना खेळला. महायुद्धामुळे १९३९ ते १९४६ लीग बंद होती. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे त्यातच गेली. १९४७ मध्ये तो ब्लॅकपूलला गेला. १९४८ आणि १९५१ चे एफ. ए. कपचे अंतिम सामने हरल्यावर १९५३ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याला ते पदक मिळाले. १९५६ चा पहिला 'बालों द'ऑर'ही त्याचाच.

त्याची चाल एकच होती. उजव्या बगलेवर चेंडू घेऊन बचावपटूच्या अगदी समोर जायचे, अंग आत झुकवायचे आणि बाहेरून निसटायचे. ही हुलकावणी साऱ्या इंग्लंडला पाठ होती, तरी बचावपटू फसत. कारण ती चाल वेगावर नव्हे, तर समोरच्याचा तोल नेमका केव्हा ढळतो या जाणिवेवर उभी होती. आणि ही जाणीव वयाबरोबर झिजतेच असे नाही.

यावर रास्त आक्षेप घेता येतो. १९६१ मध्ये तो स्टोकला परतला तेव्हा सुमारे ८,००० वर आलेली प्रेक्षकसंख्या ३५,००० च्या पुढे गेली. तेव्हा ही गल्ल्याची सोय नव्हती कशावरून? शिवाय ६ फेब्रुवारी १९६५ चा, वयाच्या ५० वर्षे ५ दिवसांचा तो विख्यात लीग सामना त्या हंगामातला त्याचा एकमेव होता. तो निरोपसमारंभच मानावा. परंतु १९६३ चे काय? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ल्यूटनविरुद्ध गोल करून, त्याने स्टोकच्या पहिल्या विभागातील पुनरागमनावर मोहोर उमटवली, आणि फुटबॉल-लेखकांनी १९४८ नंतर पुन्हा त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडले. तेथे समारंभ नव्हता, काम होते.

टिकणे आणि टिकवून ठेवले जाणे यांतील हा भेद आम्हांस आता जवळचा झाला आहे, कारण आमच्या निवृत्तीस दोन वर्षे उरली आहेत. तेच अभंग, तीच नाटके आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत. आमची वाक्ये विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असतात, उरलेली बाजारातल्या गाइडांत मिळतात. प्रश्न वयाचा नाही, पुनरुक्तीचाही नाही. समोर बसलेल्या विद्यार्थ्याचा तोल नेमका कोठे ढळतो, हे आजही दिसते का, एवढाच आहे. ज्या तासाला दिसते, त्या तासापुरते आम्ही शिक्षक असतो. उरलेल्या तासांना हजेरीपुस्तक पुरेसे असते.

मॅथ्यूज पुढे म्हणे की, आपण फार लवकर थांबलो. हे म्हणण्याचा अधिकार त्याला १९६५ ने नव्हे, १९६३ ने दिला होता.