मलाक्क्याची चिनी टेकडी

मलेशियातील मलाक्का शहरात 'बुकित चिना' ही टेकडी आहे. मलय भाषेत बुकित म्हणजे टेकडी. चीनबाहेरच्या सर्वांत जुन्या व मोठ्या चिनी कब्रस्तानांत तिची गणना होते. इथे 12 हजारांहून अधिक कबरी आहेत आणि काही तर मिंग राजवटीच्या काळातल्या.

आम्ही वर चढलो तेव्हा गवतातून कबरींचे अर्धगोल कट्टे दिसत होते. पाठीशी उंच जमीन, समोर मोकळी जागा, अशी त्यांची रचना. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवसांत घरोघरची माणसे येऊन आपल्या पूर्वजांच्या कबरी साफ करतात. याच टेकडीवर काही जुन्या मुस्लिम कबरीही आहेत. तिथे आम्ही फातिहा पढली.

सतराव्या शतकात, डच अमलात, चिनी समाजाचे प्रमुख ली वेई किंग यांनी ही जमीन विकत घेऊन दफनासाठी दिली. आपल्याकडच्या वक्फसारखीच ही गोष्ट. 1984 मध्ये राज्य सरकारने टेकडी सपाट करून इमारती उभारण्याचा बेत आखला. लोकांनी जोरदार विरोध केला आणि बेत बारगळला.

ज्यांच्या कबरीवर आता कुणी येत नाही, असे कितीतरी मुर्दे इथे आहेत. त्यांची जागाही या विरोधामुळे वाचली. कब्रस्तानासाठी दिलेली जमीन ही अमानत असते. देणारा निघून जातो, राखण मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. आपल्या गावच्या कब्रस्तानाचे कागद कुणाकडे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?