मुंज्या, फादर आणि दारावरची थाप

धर्मग्रामातील तरुण मंडळींनी आम्हांला ‘मुंज्या’ पाहायला बसवले, त्यामागे थोडी खोडीच होती. भुताखेतांच्या चित्रपटावर फादर काय बोलतात, हे त्यांना ऐकायचे होते. बाहेर धो धो पाऊस, समुद्राची गाज, आणि वीज दोनदा गेलेली. आमच्या मालवण किनाऱ्याने दिग्दर्शकाला फुकट साहाय्य केले म्हणा ना! आम्ही किती वेळा दचकलो, हे पोरांनी मोजून ठेवले आहे. हसलो किती वेळा, ते मात्र कोणी मोजले नाही.

आदित्य सरपोतदार यांचा हा हिंदी चित्रपट ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कथा कोकणातली. १९५२ साली मुंजीनंतर थोड्याच दिवसांत मेलेला गोट्या पिंपळावरचा मुंज्या होतो, आणि कित्येक वर्षांनी पुण्यात राहणाऱ्या बिट्टू नावाच्या भित्र्या तरुणाच्या मानगुटीवर बसतो. सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला बटू पिंपळावर वास करतो, ही समजूत आपल्याकडे जुनीच. (ख्रिस्ती घरांतही भर दुपारी पिंपळाखालून जाताना पाऊल जरा झपाट्याने पडते. बाप्तिस्म्याने आपली नावे बदलली, पिंपळ तोच राहिला.)

भय आणि हसू एकाच ताटात वाढणे ही काही चित्रपटवाल्यांची नवलाई नव्हे. आमच्या दशावतारात ते कधीपासून चालत आले आहे. लहानपणी जत्रेतल्या गर्दीच्या पाठीमागे उभे राहून आम्ही दशावतार पाहिला आहे. वेद चोरणारा काळाकभिन्न संकासुर रंगमंचावर आला की आम्ही मोठ्या माणसांचा हात घट्ट धरत असू. आणि तोच संकासुर भटजीशी मालवणीत हुज्जत घालू लागला की हात सोडून पोट धरून हसत असू. पुढे विष्णू त्याचा वध करी, तेव्हा खरे सांगायचे तर थोडे वाईटच वाटे.

परंतु ‘मुंज्या’ पाहताना आमच्या मनात रुतली ती वेगळीच गोष्ट. मुंज्या बिट्टूला दिसतो. भोवतालच्या लोकांना दिसत नाही. बिचारा ओरडतो, धडपडतो, हवेशी भांडतो, आणि आपण हसतो. पुढे त्याचे सोबती आणि एल्विस करीम प्रभाकर हा भूत उतरवणारा इसम (एकाच नावात तीन धर्म, आणि भूमिकेत सत्यराज!) त्याच्याबरोबर उभे राहतात, तेव्हा कुठे त्याला धीर येतो. याच दिग्दर्शकाच्या ‘झोंबिवली’तही (२०२२) टॉवरातले आणि शेजारच्या वस्तीतले, एरवी एकमेकांकडे न पाहणारे लोक संकटापायी एकत्र कोंडले जातात. पोरे हसत होती. आमचे हसू मात्र मध्येच थांबले, कारण आम्हांला एक दार आठवले.

आम्ही सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो. एका रविवारी मिस्सेनंतर एक वृद्ध विधवा आमच्याजवळ आली. मुले मुंबईला, घरात ती एकटी. म्हणाली, “फादर, रातीक कोणतरी दारार थाप मारता. उघडून बघलंय तर कोण नाय.” पवित्र पाणी घेऊन आम्ही घरी यावे, एवढीच तिची विनवणी. आम्ही काय केले? डोक्यात ताजे असलेले ज्ञान पाजळले. कॅनन १९८३च्या धर्मसंहितेतील, क्रमांक ११७२. महागुरूस्वामींच्या स्पष्ट अनुमतीवाचून कोणीही भूतबाधा झालेल्यावर विधी करू नये. भूतनिवारकाची कनिष्ठ दीक्षाही पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली रद्द केली. सारे अचूक होते. तिने भूतबाधेचा विधी मागितलाच नव्हता, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही. आणि वर विनोद केला: “मावशी, देवचार तुमच्या हातची माशाची कढी खायला येत असेल, एक ताट जास्त वाढा.” आवारातले लोक खळखळून हसले. तीही हसली.

तो विनोद गावभर झाला. महिन्याभरात तिच्या घराला ‘देवचाराचे घर’ म्हणू लागले. पोरे त्या वाटेने जाईनात. मासे विकणारी तिच्या पडवीत टेकेनाशी झाली. तोवर ते केवळ एकाकी घर होते. ते झपाटले आमच्या जिभेने.

हे आम्हांला कळले ते प्रवचनाची तयारी करताना. मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय: थडग्यांत राहणारा, रात्रंदिवस आक्रोश करणारा तो मनुष्य. त्याच्या आरोळ्या गावाला वर्षानुवर्षे ऐकू येत होत्या. साखळदंड घेऊन लोक त्याच्याकडे गेलेही होते. हातातले पुस्तक तसेच राहिले. त्याच संध्याकाळी विजेरी आणि पवित्र पाणी घेऊन आम्ही निघालो. वेदीसेवक मुलगा सोबतीला होता. तो वाटेत आमच्या झग्याला चिकटून चालत होता.

आम्ही घर आशीर्वादित केले, तिघांनी रोझरीची माळ म्हटली. तिने खरोखरच माशाची कढी केली होती, आणि तीन ताटे वाढली. आम्ही मान वर न करता जेवलो. मग पडवीत चटई टाकली.

थापेचे कारण सकाळी सापडले, ते अगदीच क्षुल्लक: माडाची मोडून लोंबणारी झावळ वाऱ्याने दाराच्या फळीवर आपटत होती. पण ते सकाळी. रात्री दोनच्या सुमारास पहिली थाप पडली, तेव्हा आमच्याही अंगावर काटा आला. मुलगा उठून बसला. आतून तिचा आवाज आला,

“फादर, आयकलात मां?”

“ऐकले, मावशी,” आम्ही म्हटले.