शाखेचं सचिवपद घेऊ का?

चि. भाचीबाईंना,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामा, प्राध्यापक संघटनेच्या आमच्या कॉलेज शाखेचं सचिवपद घेऊ का?’ मी ‘कळवतो’ म्हणून वेळ मारून नेली, कारण तुझी आई शेजारीच होती आणि तिचं मत मला पाठ आहे. आधी पीएच.डी. संपव, मग काय ती समाजसेवा कर. तिचं अगदीच चुकतं असं नाही. पण हे काम समाजसेवेत मोडत नाही. पगार नाही, मानधन नाही, प्रवासखर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. तरीही ते आपल्या नोकरीचंच एक अंग आहे, असं मी मानत आलो.

संघटना म्हटलं की बाहेरच्यांना मोर्चा दिसतो. 2013 चा परीक्षा बहिष्कार तुला आठवत असेल. एमफुक्टो या राज्य महासंघाने तो पुकारला होता. नुटा, सुटा, बुक्टू या सगळ्या त्याच्या घटक संघटना. 4 फेब्रुवारीपासून 10 मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, म्हणजे ‘नेट-सेटग्रस्त’ शिक्षकांचा प्रश्न ही मुख्य कारणं. शासनाने 71 दिवसांचं वेतन रोखलं आणि ते सोडवून आणायला पुढे न्यायालयात जावं लागलं. पालक चिडले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. विद्यार्थ्यांच्या परीक्षेला हात घालावा का, यावर आमच्या स्टाफरूममध्येच दोन तट होते. अजूनही असतील. मला विचारशील तर ते हत्यार एकदाच चालतं आणि चालवणाऱ्यालाही कापतं.

पण तुला बोलावलंय ते यासाठी नाही. तुझ्या वाट्याला येणार आहेत फायली.

स्थाननिश्चितीचंच, म्हणजे बढतीचंच बघ. सहायक प्राध्यापकाला पहिली बढती पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल.ला पाच आणि दोन्ही नसतील तर सहा वर्षांनी देय होते. त्यासाठी उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, भरलेला प्रपत्र-संच, तज्ज्ञ समिती, मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती. 2010 च्या यूजीसी नियमावलीने कामगिरी मोजणारे एपीआयचे गुण आणले, 2018 च्या नियमावलीने मोजायची रीत बदलली. दोन्हींच्या सांध्यावर ज्यांची देय तारीख पडली, त्यांची जी त्रेधा उडाली ती विचारू नकोस. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट असलेली माणसं देय दिनांक कोणता धरायचा यावर हतबल होऊन बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी कुणीतरी शासन निर्णय शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचायचा असतो. तो ‘कुणीतरी’ म्हणजे शाखेचा सचिव.

तारखांचं महत्त्व किती, हे नेट-सेटच्या प्रकरणात दिसतं. ही परीक्षा 1991 मध्ये सक्तीची झाली. तेव्हा पात्र उमेदवार मिळत नव्हते म्हणून कॉलेजांनी पात्रता नसलेले शिक्षक रीतसर जाहिरात देऊन नेमले, विद्यापीठांनी मान्यता दिल्या, आणि मग ही मंडळी वर्षानुवर्षं अधांतरी राहिली. जून 2013 च्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवा नियमित झाल्या, पण निर्णयाच्या तारखेपासून! आधीच्या दहा-वीस वर्षांचं काय? शिवाय 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही. म्हणजे सेवा 2013 पासून धरली की म्हातारपणचं पेन्शनही त्या एका ओळीवर लटकलं. पुढची सगळी लढाई कोर्टात झाली आणि त्यात कामाला आली ती कुणीतरी जपून ठेवलेली नेमणूकपत्रं, मान्यतापत्रं, रोस्टरच्या नकला. भाषणं कामाला आली नाहीत.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. सेवेतून काढून टाकलेल्या शिक्षकाला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत. आमच्याकडे एका संस्थेने इंग्रजीच्या एका तरुण शिक्षकाला घरी बसवलं होतं. तो बिचारा चेअरमनसाहेबांना भेटून, ओळखीतून, देवळात नवस बोलून बघत राहिला, आणि आमच्याकडे आला तेव्हा मुदत टळून गेली होती. विलंब माफ करून घ्यायलाच एक वेगळी लढाई. तुझ्या शाखेतल्या प्रत्येकाला हे ‘तीस दिवस’ नोकरी लागली त्याच दिवशी सांगून ठेव.

तू म्हणशील, कामगार न्यायालय नाही का? नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सुंदरांबल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली ठरवून टाकलं की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा ‘कामगार’ नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे, अशा थाटाचं त्यात बरंच काही आहे. उदात्त ठरल्यामुळे कारखान्यातल्या फिटरला जे दार उघडं आहे ते आपल्याला बंद झालं. मला तरी हा गौरव कधी पचला नाही. दार बंद असल्यामुळेच आपल्याला संघटना जास्त लागते, हे ज्यांना ‘आम्ही बुद्धिजीवी, आम्हाला युनियन कशाला’ असं वाटतं त्यांना ऐकव.

विदर्भातल्या नुटाचं काम मी लांबून पाहत आलो. नुटाचे प्रा. बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून तीस वर्षं विधान परिषदेत होते. नियम, तारीख आणि आदेशाचा क्रमांक हातात ठेवून बोलणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. पण मला त्याहून मोठं वाटतं ते ‘नुटा बुलेटिन’. शासन निर्णय, परिपत्रकं, न्यायालयाचे निकाल आहेत तसे छापलेले. दिसायला रूक्ष. तरी कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजातला एकटा शिक्षक ते प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून ‘साहेब, हे वाचा’ म्हणू शकत होता. अशी ताकद कुठल्याही घोषणेत नाही.

आता थोडं कडू. या पदांची शिडी होते. आज शाखा सचिव, उद्या जिल्हा कार्यकारिणी, परवा विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक, मग विद्या परिषद, चौकशी समित्या, गाडीभाडं. अधिसभेत आपली माणसं असायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण शिडीवर चढलेला माणूस खालच्या फायलींकडे पाहीनासा होतो, आणि तास चुकवायला ‘संघटनेचं काम’ ही सोयीची सबब मिळते. तास चुकवणाऱ्या पदाधिकाऱ्याला संस्थाचालक घाबरत नाही. असा पदाधिकारी संस्थाचालकाच्या खिशात असतो. तू तुझे तास घे, प्रॅक्टिकल्स घे, मग फायली.

आणि ज्याबद्दल आपल्या संघटनांना मी आजही माफ करत नाही ते सांगतो. तासिका तत्त्वावरचे शिक्षक. रिक्त पदं भरायची नाहीत आणि त्या जागी तासाच्या हिशेबाने माणसं वापरायची, हे इतकी वर्षं चाललंय. सुट्टीत पैसे नाहीत, भविष्य निर्वाह निधी नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील याची खात्री नाही. तुझ्याच विभागात असे किती आहेत ते तूच मोज. कायम नोकरीवाल्यांच्या वेतन आयोगासाठी आपण रस्ता अडवला; यांच्यासाठी ठराव केला, एकमताने संमत केला आणि चहा घेतला. सभासद करून घ्यायची वेळ आली की ‘घटनेत तरतूद नाही’. घटना कुणी लिहिली? आपणच ना! तू सचिव झालीस तर पहिल्या सर्वसाधारण सभेत हा विषय पटलावर घे. लोक नाकं मुरडतील. मुरडू देत.

पैशाचं एकच सांगतो: वर्गणी पावतीशिवाय घ्यायची नाही, मग ती पन्नास रुपये असो. संघटनेच्या भांडणांत तत्त्वाची भांडणं फार थोडी असतात.

तुझ्या पीएच.डी.चं म्हणशील तर ती अडेल असं मला वाटत नाही. शनिवारची दुपार जाईल. रात्री-अपरात्री फोन येतील, आणि ज्याचं काम झालं तो पुन्हा ओळख दाखवेल याचा भरवसा नाही. मोबदल्यात तुझं कॉलेज, तुझी संस्था आणि सहसंचालक कार्यालय कसं चालतं हे तुला कळेल, जे प्राचार्य होऊनही पुष्कळांना कळत नाही. बाई आहेस म्हणून तुला ‘महिला प्रतिनिधी’ करायचा घाट घालतील; ते घेऊ नकोस. सचिवपद देत असतील तरच हो म्हण.

तेही दोन वर्षांसाठीच, आणि तसं लेखी कळव. पहिल्या दिवसापासून कुणीतरी तरुण, शक्य तर तासिका तत्त्वावरचा, सोबत घेऊन सहसंचालक कार्यालयात जात जा, म्हणजे तू सोडशील तेव्हा फायली कुणाच्या हातात द्यायच्या हा प्रश्न उरणार नाही. माझ्याकडचे जुने शासन निर्णय दोन ट्रंकांत आहेत. दिवाळीत येशील तेव्हा गाडी घेऊन ये, एसटीत मावणार नाहीत. आणि आईला हे पत्र दाखवू नकोस.

तुझा,
मामा