थांबवलेला सिनेमा

चालू सिनेमा मधेच थांबवायला मला अण्णांनी शिकवलं. ते ऋण मोठं आहे.

अण्णा टेंभुर्णीतले, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात उतरलेले कार्यकर्ते. प्रोजेक्टर उसना आणायचे, पडदा म्हणून धुतलेली चादर. हंगामात हायवेवर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडायच्या. अण्णा तिथं सिनेमा दाखवायला जात आणि मी वायरींचं भेंडोळं घेऊन मागे.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' मी असाच पाहिला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० जण गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. त्या धक्क्यातून पटवर्धनांनी हा सिनेमा हाती घेतला आणि पुढची १४ वर्षं ते त्यामागे होते. घोगरेंचं गाणं संपलं तसा अण्णांनी सिनेमा थांबवला. "तुमच्यात कोण गातं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एका आजीनं भीमरायाची ओवी धरली, आणि बाकीच्या बायांनी ती उचलली. सिनेमा त्या रात्री पुरा झालाच नाही.

पुढं २०१४ साली 'फँड्री' आला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यातला नायक जब्या झालेला सोमनाथ अवघडे केमचा हलगी वाजवणारा पोरगा. पडद्यावरची बोली आमच्याच तोंडची होती. पकडायचं डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्याचं कैकाडी कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. तिथं अण्णांनी बटण दाबलं. "हे उभे राहिले. आता यांच्यासाठी कोण उभं राहतं, बोला." त्या चर्चेत गावकीची सगळी दुखणी वर आली. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड कॅमेऱ्यावर येतो तिथं मात्र अण्णा कधी काही विचारत नसत.

पुढं पुण्यात शिकताना सोलानास आणि गेतिनो या अर्जेंटिनातल्या दिग्दर्शकांबद्दल वाचलं. लष्करी राजवटीत त्यांनी लपूनछपून सिनेमा काढला, १९६८ चा. तो गुपचूप दाखवायचे आणि मधे थांबवून लोकांना बोलतं करायचे. मी ते अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. "म्हणजे तिकडंही लोकांना बोलायचं होतंच की," अण्णा म्हणाले.

प्रायोगिक सिनेमाची चर्चा बहुतेक वेळा कॅमेरा आणि संकलनाशी संपते. मला ती अपुरी वाटते, कारण मी तो प्रयोग कोप्यांपुढच्या मातीत बसलेल्या माणसांत पुरा होताना पाहिलाय. थांबवल्यानं दिग्दर्शकाची लय मोडते, असं माझे विद्यार्थी म्हणतात. त्यांचं खरं आहे. म्हणून मी आधी सिनेमा अखंड दाखवतो. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा लावतो, आणि कुठं थांबायचं ते समोर बसलेल्यांनी सांगायचं.