दुसरे भोक

यंत्र बंद पडले की त्याच्या पोटात हात घालायला आपण मोठे उतावीळ असतो. होडीच्या पाठीशी टांगलेल्या मोटारीच्या वाट्याला तर हे हटकून येते. ती थांबली, की पहिला संशय प्लगवर, दुसरा कार्बुरेटरवर! टाकीची विचारपूस कुणीच करीत नाही.

दाभोळच्या खाडीत मी याला एक अपवाद पाहिला. ओहोटी लागली होती. मोटार दोनदा खोकली आणि गप्प झाली. पाणी होडीला खाडीच्या तोंडाकडे ओढीत होते; तिथे फुटणाऱ्या लाटा स्पष्ट दिसत होत्या. शेजारी माझी धाकटी मुलगी बसली होती. मी तिचा हात घट्ट धरला. नाखवांनी आधी नांगर टाकला. मग पान लावावे अशा सावकाशीने त्यांनी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चेपून पाहिला. तो चपटाच राहिला.

"भाऊ, मोटार आजारी नाही, उपाशी आहे," ते म्हणाले आणि टाकीच्या झाकणावरचा एवढासा स्क्रू त्यांनी सैल केला. सूं करून हवा आत गेली. फुगा भरला, चारदोनदा चेपताच कडक झाला. दोरी ओढताच मोटार सुरू!

गृहिणींना यातले शास्त्र सांगायला नको. तेलाच्या डब्याला त्या दोन भोके पाडतात: एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. टाकीचेही तेच. हवा आत आली नाही, तर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

तो फुगा म्हणजे मोटारीची नाडी. चपटा राहिला, तर अडथळा टाकीच्या बाजूला. चेपूनही कडक होत नसेल, तर बहुधा एखाद्या सांध्यातून हवा शिरते आहे, नाहीतर फुग्याची झडप गेली आहे. सारखा चेपत राहिले तरच मोटार चालत असेल, तर पंपाचा पडदा थकला म्हणावे. मग गाळणीत पाणी साचले आहे का ते पाहावे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा शोषून घेते. कार्बुरेटर उघडायचा तो अगदी शेवटी.

घरातले एखादे माणूस असेच एकाएकी गप्प होते. आपण लगेच त्याचा स्वभाव उकलायला बसतो. त्याआधी त्याला थोडी मोकळी हवा मिळते आहे ना, एवढे पाहायला काय हरकत आहे?